हद्द न मानणारे कुत्रे: मोकाट कुत्र्यांचा सामूहिक बंदोबस्त

दोन प्राणी, एक नाव

रानकुत्रा आणि रानात फिरणारे कुत्रे हे दोन वेगळे प्राणी आहेत. रानकुत्र्याला कोळसून किंवा कोळसुंदा अशीही नावे आहेत. तांबूस अंग, काळी झुपकेदार शेपटी आणि भुंकण्याऐवजी शीळ घालून टोळीतल्यांना हाक देणे ही त्याची ओळख. ताडोबा, पेंच, मेळघाट आणि सह्याद्री या व्याघ्र प्रकल्पांत तो टोळीने शिकार करतो. इंग्रजी अमदानीत त्याला मारणाऱ्याला सरकारी बक्षीस मिळे. आज तो जगभर संकटग्रस्त मानला जातो आणि भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला अभय आहे.

शेतकऱ्याच्या शेळ्या-मेंढ्या रात्री फाडणारे, वासराच्या मागे लागणारे, समुद्रकिनारी कासवाची अंडी उकरणारे कुत्रे बहुतेक वेळा रानकुत्रे नसते. ते असते गावातले किंवा शहरातले साधे कुत्रे. कोणी पाळून सोडून दिलेले, कोणाच्या तरी दारात जेवून रात्री उंडारणारे, किंवा पिढ्यान्‌पिढ्या उकिरड्यावर वाढलेले. ऑस्ट्रेलियात ‘जंगली कुत्रा’ या एका नावाखाली डिंगो, रानावलेले पाळीव कुत्रे आणि त्यांची संकरित संतती हे सारे येतात. मराठीत तसे करून चालत नाही, कारण इथे एकाला वाचवायचे आहे आणि दुसऱ्याची संख्या आवरायची आहे. पुढील विवेचन दुसऱ्याबद्दल, म्हणजे मोकाट कुत्र्यांबद्दल आहे.

त्यांची संख्या लहान नाही. २०१९च्या विसाव्या पशुगणनेत देशात सुमारे १ कोटी ५३ लाख भटकी कुत्री मोजली गेली आणि त्यांपैकी सुमारे १२ लाख ७६ हजार महाराष्ट्रात होती. मुंबईत २०१४च्या गणनेत ९५,१७२ कुत्री रस्त्यांवर असल्याचा अंदाज निघाला. या आकड्यांत दारात बांधलेली कुत्री नाहीत, आणि दिवसा दारात व रात्री शिवारात असणारी कुत्री नेमकी कुठे धरायची हा प्रश्न उरतोच.

संख्या कशावर ठरते

कुत्रीचा गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा असतो. वर्षातून दोनदा ती माजावर येऊ शकते आणि एका वेळी साधारण चार ते सहा पिल्ले देते. भारतातल्या मोकाट कुत्र्यांत बहुतेक विणी पावसाळा सरल्यावर, हिवाळ्याच्या दिवसांत होतात. या हिशेबाने गाव दोन-तीन वर्षांत कुत्र्यांनी भरून जायला हवे. तसे होत नाही, कारण बहुतेक पिल्ले जगत नाहीत. कोलकात्याच्या परिसरात झालेल्या एका अभ्यासात पाच पिल्लांपैकी जेमतेम एक वयात येत असल्याचे दिसले. उपासमार, रोग, वाहने आणि माणूस ही मरणाची कारणे होती.

याचा अर्थ असा की, गावात किती कुत्री राहतील हे जन्मावर कमी आणि अन्नावर जास्त अवलंबून असते. अन्न वाढले की तीच वीण जगते आणि टोळी वाढते. महाराष्ट्राच्या गावांत हे अन्न चार ठिकाणी मिळते: उघडा उकिरडा, कोंबड्यांच्या दुकानांमागचा व खाटिकखान्यामागचा कचरा, कोंबडीपालनाच्या शेडबाहेर फेकलेली मेलेली कोंबडी, आणि मेलेली जनावरे टाकण्याची गावाबाहेरची जागा.

शेवटच्या जागेचा इतिहास बोलका आहे. तीस-चाळीस वर्षांपूर्वीपर्यंत मेलेल्या बैलाचा फडशा गिधाडे काही तासांत पाडत. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाचे अंश मेलेल्या जनावरांतून पोटात जाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होऊ लागली आणि १९९०च्या दशकात त्यांची संख्या कोसळली. जनावरांसाठी त्या औषधाच्या वापरावर २००६ मध्ये बंदी आली, पण तोवर आभाळ रिकामे झाले होते. गिधाडांनी सोडलेल्या पंगतीला कुत्री बसली. औषध माणसाने दिले, गिधाड मेले आणि कुत्रे वाढले. कुत्र्यांच्या प्रश्नात मूळ कारण कुत्र्यापाशी क्वचितच सापडते.

नुकसान आणि त्याची ओळख

कुत्र्यांनी मारलेली मेंढी आणि बिबट्याने मारलेली मेंढी यांत फरक दिसतो. बिबट्या गळा धरतो आणि भक्ष्य आडोशाला ओढून नेतो. लांडगा बहुधा एखादे कोकरू उचलून निघून जातो. कुत्री मात्र कळपात शिरून धावणाऱ्या जनावरांच्या मागच्या मांड्या, शेपट्या आणि पोट फाडतात. एका रात्रीत अनेक जनावरे जखमी होतात आणि खाल्ले जाते थोडेच. सकाळी मेलेली मोजता येतात, पण घाबरून गाभडलेल्या आणि जखमा चिघळून आठवड्याने मरणाऱ्या मेंढ्यांची मोजणी होत नाही.

ही ओळख शेतकऱ्याला महत्त्वाची असते, कारण भरपाईचा प्रश्न तिथेच अडतो. वाघ, बिबट्या, लांडगा यांनी जनावर मारले तर वनखात्याकडून पंचनामा होऊन मदत मिळू शकते. कुत्रा हा वन्यप्राणी नाही. त्यामुळे कुत्र्यांनी फाडलेल्या शेळीचा खर्च मालकाच्या पदरात पडतो आणि अनेकदा दोष लांडग्याच्या माथी जातो. पुणे, सोलापूर, अहिल्यानगर जिल्ह्यांच्या माळरानांवर आधीच मोजके उरलेले लांडगे अशा गैरसमजाचे बळी ठरू शकतात.

दुसरे नुकसान रोगांचे. रेबीज सर्वांना ठाऊक आहे. माणसांना होणाऱ्या रेबीजच्या ९९ टक्क्यांपर्यंत घटना कुत्र्यांमुळे घडतात, आणि जगातल्या रेबीजबळींपैकी सुमारे ३६ टक्के भारतातले आहेत असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. पण गोठ्याला लागणारे रोग फारसे चर्चेत नसतात. कुत्र्याच्या विष्ठेतून पसरणारा निओस्पोरा हा परजीवी गाईंचे गर्भपात घडवतो. हायडॅटिड गाठींचा परजीवी कुत्रा आणि मेंढी यांच्यात फिरतो व माणसालाही लागतो, आणि मेलेल्या मेंढीचे आतडे-काळीज कुत्र्यांपुढे टाकले की त्याचे चक्र पुरे होते. डिस्टेंपर हा रोग कुत्र्यांकडून लांडगा, कोल्हा, खोकड यांच्याकडे जातो.

तिसरे नुकसान रानाचे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत कुत्र्यांनी ८० प्रजातींच्या वन्यप्राण्यांवर हल्ले केल्याची नोंद झाली. त्यांपैकी ३१ प्रजाती धोक्यात आलेल्या यादीतल्या होत्या. पुण्याजवळच्या माळरानावर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचा जनुकीय पुरावा २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. मूठभर उरलेल्या लांडग्यांच्या जातीला ही भेसळ बंदुकीइतकीच घातक आहे.

चौथे नुकसान उलट्या वाटेने येते. अकोले तालुक्यातल्या उसाच्या पट्ट्यात बिबट्यांच्या आहाराचा अभ्यास झाला. त्यांच्या खाण्यात वजनाच्या हिशेबाने ८७ टक्के भाग पाळीव व गावातल्या जनावरांचा होता आणि एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के. म्हणजे गावात कुत्री वाढू देणे हे बिबट्याला जेवणाचे आवतण आहे. मुंबईत याचीच दुसरी बाजू दिसते. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील सुमारे ३५ बिबटे वर्षाला अंदाजे १,५०० कुत्री खातात आणि त्यामुळे सुमारे एक हजार चावे टळत असावेत, असा हिशेब २०१८ मध्ये एका संशोधकगटाने मांडला. या हिशेबाने बिबट्या शहराचा उपकारकर्ता ठरतो, पण उद्यानाच्या कडेला राहणाऱ्या कुटुंबासाठी दारात कुत्री असणे म्हणजे दारात बिबट्या असणे.

तीन उपाय आणि त्यांचे अपयश

पहिला उपाय मारण्याचा. मुंबईने तो दीर्घकाळ करून पाहिला. १८३२च्या जून महिन्यात सरकारने मोकाट कुत्री मारण्याची मोहीम वाढवली, कुत्र्यामागे बक्षीस लावले आणि शिपाई घराघरांतून कुत्री ओढून नेऊ लागले. कुत्र्याला पवित्र मानणाऱ्या पारशी समाजाने त्याविरुद्ध बंद पुकारला, त्यात इतर समाजही सामील झाले आणि फोर्ट भागात दंगल उसळली. तरीही कुत्री मारण्याचे धोरण विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत टिकले. महापालिका दर वर्षी हजारो कुत्री मारत होती आणि रस्त्यावरची संख्या मात्र हलत नव्हती. दीडशेहून अधिक वर्षांचा हा प्रयोग फसण्याचे कारण आधी सांगितलेल्या हिशेबात आहे: कुत्री गेली तरी उकिरडा राहिला. मोकळ्या झालेल्या जागेत शेजारच्या गल्लीतली कुत्री आली आणि एरवी मेली असती ती पिल्ले जगली. १९९४ मध्ये शहरात नसबंदीच्या कार्यक्रमाला सुरुवात झाली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या १९९८च्या आदेशानंतर मारण्याऐवजी नसबंदी हे धोरण ठरले.

विष घालणे हा याच उपायाचा खेड्यातला प्रकार. त्यात कोल्हे, मुंगूस, घारी, कावळे आणि क्वचित कोणाची राखणीची कुत्रीही मरतात. शिवाय तो गुन्हा आहे. प्राण्याला मारणे किंवा जायबंदी करणे यासाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

दुसरा उपाय दूर नेऊन सोडण्याचा. एका गावाने पकडलेली कुत्री दुसऱ्या गावाच्या हद्दीत, घाटात किंवा धरणाजवळ सोडली जातात. जुन्नर भागात २००० नंतरच्या काही वर्षांत बिबट्यांच्या बाबतीत नेमके हेच झाले. पकडलेले बिबटे दुसरीकडे सोडल्यावर ज्या भागात ते सोडले त्या भागातही माणसांवर हल्ले होऊ लागले. अनोळखी जागी आलेले जनावर जास्त भटकते आणि जास्त भांडते. कुत्र्याचेही तेच होते, आणि सोडणाऱ्या गावात रिकामी झालेली जागा महिन्याभरात भरते.

तिसरा उपाय ज्याचा त्याने करण्याचा. एकाने तारेचे कुंपण घातले तर कुत्री शेजारच्या गोठ्याकडे वळतात. एका सोसायटीने नसबंदी केली आणि पलीकडच्या सोसायटीने केली नाही तर पुढच्या हिवाळ्यात पिल्ले पलीकडून येतात. या उपायात खर्च खरा असतो, कष्टही खरे असतात, फक्त परिणाम टिकत नाही. तिन्ही उपायांतला दोष एकच आहे: कुत्र्याची हद्द एक आणि माणसाने आखलेली हद्द दुसरी.

नकाशावरून मालकी पुसणे

हा दोष ओळखून काम उभे केल्याचे चांगले उदाहरण ऑस्ट्रेलियातले आहे. मेंढीपालनाच्या त्या देशाने एकोणिसाव्या शतकात डिंगोला अडवण्यासाठी कुंपणे घालायला सुरुवात केली. आज तिथल्या मोठ्या कुंपणाची लांबी सुमारे ५,६०० किलोमीटर आहे. तरीही कुंपणाच्या आतल्या डोंगराळ भागात मेंढ्या मरतच राहिल्या. न्यू साउथ वेल्स प्रांतातल्या ब्रिंडाबेला आणि वी जॅस्पर या खोऱ्यांत मेंढपाळ राष्ट्रीय उद्यानाला दोष देत, उद्यान सरकारी वनाला आणि सारे मिळून एकमेकांना. प्रत्येक जण आपापल्या जमिनीत सापळे लावी आणि कुत्री रात्री शेजारच्या जमिनीत जात.

२००१ मध्ये तिथे संयुक्त योजना सुरू झाली. तिचे पहिले काम कागदावरचे होते: नकाशावरून मालकीच्या रेषा काढून टाकणे. मग त्या कोऱ्या नकाशावर जमलेल्या सर्वांनी कुत्री कुठून येतात, कुठल्या कड्यावरून उतरतात, कुठे मेंढ्या मेल्या हे खुणांनी भरले. खुणा भरल्यावर काम कुठे करायचे हे आपोआप दिसले. मालकीच्या रेषा त्यानंतर परत आखल्या, त्याही खर्च आणि माणसे वाटून घेण्यापुरत्या. मेंढ्यांची हानी लक्षणीय घटली आणि हीच पद्धत पुढे देशाच्या जंगली कुत्र्यांविषयीच्या राष्ट्रीय कृती आराखड्याचा पाया बनली.

तिथली साधने इथे उचलता येत नाहीत. विषारी आमिषे आणि गोळी भारतीय कायद्याला मान्य नाहीत, आणि इथल्या दाट वस्तीत ती धोक्याची ठरतील. घेण्यासारखा आहे तो कोरा नकाशा. महाराष्ट्राला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. एका शेतकऱ्याची पेरणी साऱ्या गावाने उरकायची ही इर्जिक, आळीपाळीने एकमेकांच्या शेतावर राबण्याची सावड, आणि हिवरे बाजारसारख्या गावांनी पाळलेली चराईबंदी व कुऱ्हाडबंदी यांच्या मुळाशी हेच आहे. चराईबंदी एका शेतकऱ्याने पाळून उपयोग नसतो. एक कळप शिरला तरी डोंगर उघडा पडतो.

मेंढपाळ धनगरांच्या वाड्यातही हा अनुभव मुरलेला आहे. वाडा म्हणजे चाऱ्यासाठी एकत्र फिरणाऱ्या कुटुंबांचा मेळ. रात्री सगळ्यांच्या मेंढ्या वाघुरीच्या जाळ्यात एकत्र बसतात, कोकरे आत आणि राखणीची कुत्री बाहेर. कोणाची मेंढी कोणती हे सकाळी पाहायचे. रात्री राखण साऱ्यांची असते. कुत्र्यापासूनचे संरक्षण कुत्र्याच्याच मदतीने करणारी ही व्यवस्था आहे, मात्र त्यातले कुत्रे कामाचे, पोटभर खाणारे आणि मालकाचे असते. मोकाट आणि राखणीचे यांतला फरक जातीचा नसून जबाबदारीचा आहे.

वेसाव्याचा किनारा

मालकीच्या रेषांचा गुंता पाहायला ऑस्ट्रेलियापर्यंत जायची गरज नाही. वर्सोवा, म्हणजे कोळी बोलीतले वेसावे, मालाडच्या खाडीच्या मुखाशी वसले आहे. पलीकडे मढ. डोल जाळ्यांनी मासेमारी करणारा हा मुंबईतल्या मोठ्या कोळीवाड्यांपैकी एक. किनारा सुमारे अडीच किलोमीटरचा. वाळू जिल्हाधिकाऱ्यांच्या अखत्यारीत, सफाई आणि कुत्र्यांची नसबंदी महापालिकेच्या के-पश्चिम विभागाकडे, बंदराचा कारभार सागरी मंडळाकडे, खाडीतील कांदळवने वनखात्याकडे, १९६१ साली स्थापन झालेली मत्स्यशिक्षण संस्था केंद्र सरकारची, कोळीवाडा कोळ्यांचा आणि मागच्या इमारती त्यांच्या त्यांच्या सोसायट्यांच्या. मांडवी गल्लीत जेवलेले कुत्रे तासाभरात यांतल्या चार-पाच हद्दी ओलांडते.

कुत्र्यांना इथे खायला कमी नाही. बंदरावर मासळी निवडताना बाजूला पडणारी बारीक मासळी, वलांड्यांवर सुकत घातलेले बोंबील, वाळूवर पसरलेला जवळा, हॉटेलांचे उरलेले अन्न आणि भरतीबरोबर येणारा शहराचा कचरा. कोळीवाड्यात कुत्रे हे नुसते उपद्रवी नाही. सुकत घातलेल्या मासळीवर येणाऱ्या मांजरी, घुशी आणि कावळे यांना ते दूर ठेवते, आणि रात्री बंदरावर अनोळखी माणूस आला की भुंकते. त्याच कुत्र्याची टोळी झाली की तेच बोंबील ओढते. म्हणूनच ‘सगळी हलवा’ आणि ‘एकही हात लावू नका’ ही दोन्ही टोके कोळीवाड्यात बसत नाहीत.

ऑक्टोबर २०१५ मध्ये वकील अफरोज शाह यांनी या किनाऱ्यावर सफाई सुरू केली. आठवड्यामागून आठवडे स्वयंसेवक, कोळी, विद्यार्थी आणि महापालिकेचे कामगार एकत्र राबले आणि लाखो किलो कचरा उचलला गेला. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने त्याची दखल घेऊन शाह यांना पुरस्कार दिला. २२ मार्च २०१८ रोजी ऑलिव्ह रिडले कासवाची सुमारे ८० पिल्ले या वाळूतून बाहेर येऊन समुद्राकडे निघाली. सुमारे वीस वर्षांत इथे असे घडले नव्हते. त्या पिल्लांवर कुत्री तुटून पडू नयेत म्हणून स्वयंसेवकांनी पहारा दिला आणि पिल्ले पाण्यात पोचली.

या प्रसंगाची आनंदाची बाजू सर्वत्र छापून आली. विषयाच्या दृष्टीने दुसरी बाजू महत्त्वाची आहे. कासवाला किनारा परत मिळाला तो साऱ्या किनाऱ्याची एकत्र सफाई झाली म्हणून. आपल्यापुढचे पन्नास फूट झाडून ते झाले नसते. पण त्या पिल्लांचे कुत्र्यांपासून रक्षण मात्र एका रात्रीच्या जागरणावर अवलंबून होते. कचऱ्यासाठी सामूहिक व्यवस्था उभी राहिली, कुत्र्यांसाठी उभी राहिली नव्हती.

कोकणात ती व्यवस्था कासवांच्या बाबतीत उभी आहे. मंडणगड तालुक्यातल्या वेळास गावी चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांच्या साथीने कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. त्याआधी अंडी माणसे नेत, आणि उरलेली अंडी कुत्री व कोल्हे उकरत. गावातले कासवमित्र पहाटे किनारा पालथा घालून घरटे शोधतात, शंभर-दीडशे अंडी कुंपणातल्या सुरक्षित जागेत त्याच खोलीवर पुरतात आणि साधारण दीड-दोन महिन्यांनी निघालेली पिल्ले समुद्रात सोडतात. २००६ पासून होणाऱ्या कासव महोत्सवाने गावातल्या घरांना पाहुण्यांचे उत्पन्न दिले. राखणाऱ्याला राखण्यातून काही मिळते तेव्हाच पहारा वर्षानुवर्षे टिकतो, हा वेळासचा धडा आहे.

लशीची पट्टी

सामूहिक कामाचे दुसरे जवळचे उदाहरण गोव्यातले. रेबीज थांबवायचा तर दर वर्षी किमान ७० टक्के कुत्र्यांना लस मिळायला हवी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. इतक्यांना लस मिळाली की विषाणूला एकाकडून दुसऱ्याकडे जायला वाट उरत नाही. अट एकच: हे ७० टक्के सगळीकडे पसरलेले हवेत. एका वस्तीत शंभर टक्के आणि शेजारच्या वस्तीत शून्य असे झाले तर सरासरी सुंदर दिसते आणि रोग चालू राहतो.

गोवा सरकार आणि मिशन रेबीज या संस्थेने ही अट गंभीरपणे घेतली. हातजाळी घेतलेल्या तुकड्या वस्तीमागून वस्ती घेत गेल्या. टोचलेल्या प्रत्येक कुत्र्याची जागा मोबाइलमधल्या नकाशावर नोंदली गेली आणि रिकामा राहिलेला भाग दुसऱ्या दिवशी पुन्हा धुंडाळला गेला. जोडीला शाळांतून मुलांना चाव्यापासून बचाव शिकवला आणि संशयित कुत्र्याची खबर देण्यासाठी दूरध्वनी ठेवला. २०१३ ते २०१९ या काळात कुत्र्यांमधला रेबीज ९२ टक्क्यांनी घटला. २०१८ आणि २०१९ या वर्षांत गोव्यात माणसाचा एकही रेबीजमृत्यू नोंदला गेला नाही. २०२१ मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. हे काम थांबवता मात्र येत नाही. कुत्र्याचे आयुष्य लहान, दर वर्षी नवी पिल्ले बिनलशीची, आणि सिंधुदुर्ग किंवा कारवारच्या कुत्र्याला राज्याची सीमा ठाऊक नाही.

मुंबईतही रेबीज कुत्र्यांपुरता उरत नाही. २०२४ मध्ये शहराच्या पूर्व किनाऱ्यालगत मेलेल्या कोल्ह्यांत तो आढळला. कांदळवनातला कोल्हा आणि वस्तीतला कुत्रा एकाच कचऱ्यावर भेटतात.

कायदा काय सांगतो

प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा १९६०चा. त्याखाली कुत्र्यांच्या जन्मनियंत्रणाचे नियम प्रथम २००१ मध्ये झाले आणि १० मार्च २०२३ रोजी त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. पकडणे, नसबंदी करणे, रेबीजची लस टोचणे, खुणेसाठी कानाची कड कापणे आणि जिथून उचलले तिथेच परत सोडणे हा त्याचा क्रम. जबाबदारी महापालिका, नगरपालिका आणि ग्रामपंचायत यांची. खाऊ घालण्याच्या जागा ठरवण्याचे काम रहिवासी संघटनांकडे. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५च्या आदेशात हाच क्रम कायम ठेवला, पिसाळलेली आणि आक्रमक कुत्री परत सोडू नयेत असे सांगितले आणि प्रभागनिहाय खाऊ घालण्याच्या जागा नेमण्यास सांगितले. ७ नोव्हेंबर २०२५च्या आदेशाने शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बस आणि रेल्वे स्थानके यांच्या आवारातली कुत्री काढून ती तिथे परत न सोडण्याचे निर्देश दिले.

‘तिथेच परत सोडा’ हा नियम अनेकांना उलटा वाटतो. त्यामागचे कारण जुन्या हिशेबाचे आहे. नसबंदी झालेले, लस टोचलेले कुत्रे आपली जागा राखते आणि बाहेरच्याला शिरू देत नाही. त्याला हलवले की ती जागा अनोळखी, बिनलशीच्या कुत्र्याला मोकळी होते. पण हे तेव्हाच खरे ठरते, जेव्हा त्या भागातली बहुसंख्य कुत्री थोड्या काळात नसबंदीखाली येतात. वर्षभरात इथली दहा आणि तिथली वीस उचलून केलेली नसबंदी आकडा भरते, पिल्ले थांबवत नाही.

पंचक्रोशीचा आराखडा

वरील साऱ्याचा निष्कर्ष काढला तर कामाचा क्रम असा ठरतो.

पहिले, एकक ठरवणे. एक गाव पुरत नाही. कुत्र्यांचे फिरणे पाहता शिवेला शीव लागलेली पाच-सात गावे, म्हणजे जुन्या भाषेतली पंचक्रोशी, हे योग्य एकक आहे. शहरात एखादी सोसायटी पुरत नाही. खाडी, रेल्वेमार्ग किंवा मोठा रस्ता यांनी वेगळा पडणारा संपूर्ण पट्टा धरावा लागतो.

दुसरे, मोजणी. पहाटे ठरलेल्या वाटांनी सलग काही दिवस फिरून कुत्री, कापलेल्या कानांची कुत्री, दूध पाजणाऱ्या कुत्र्या आणि पिल्ले वेगवेगळी नोंदवावीत. दूध पाजणाऱ्या कुत्र्यांचा आकडा पुढच्या वर्षाचे भविष्य सांगतो.

तिसरे, अन्न बंद करणे. कोंबडीच्या दुकानांचा आणि शेडचा कचरा झाकून एका ठिकाणी नेणे, मेलेले जनावर खोल पुरणे, मासळीबाजाराचा कचरा दिवस मावळण्याआधी उचलणे. बंदी असूनही डायक्लोफिनॅक टोचलेले जनावर उघड्यावर टाकणे तर गिधाडांच्याही मुळावर उठते. हे काम सर्वांत स्वस्त आहे आणि सर्वांत कमी केले जाते.

चौथे, मालकाची कुत्री. राखणीच्या कुत्र्याला पट्टा, दर वर्षी लस आणि रात्री बांधणे किंवा कळपाशी ठेवणे. नको झालेली पिल्ले शिवारात सोडून देणे ही मोकाट टोळ्यांची कायमची भरती आहे. ग्रामसभेने ती बंद करण्याचा ठराव करावा आणि पाळावा.

पाचवे, नसबंदी व लसीकरण एकाच हंगामात. साऱ्या पंचक्रोशीत, माजाचे दिवस येण्यापूर्वी, म्हणजे उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला. मान्यताप्राप्त पथक आणणे एका ग्रामपंचायतीला परवडत नाही, पाच-सात पंचायतींनी खर्च वाटून घेतला तर परवडते.

सहावे, राखण. शेळ्या-मेंढ्या विण्याच्या हंगामात त्यांना रात्री एकत्र कोंडणे, आळीपाळीने जागणे, दिवा ठेवणे. हल्ला झाल्यावर दातांच्या खुणा पाहून कुत्रा, लांडगा की बिबट्या हे ठरवणे आणि वहीत टिपणे. तीच वही पुढच्या वर्षीचा नकाशा होते.

सातवे, पुन्हा पहिल्यापासून. दर वर्षी.

बांधलेल्या होड्या

या सात पायऱ्यांत तंत्र फारसे अवघड नाही. अवघड आहे ते शेवटच्या घरालाही सामील करून घेणे. त्याचा सराव वेसाव्याला आहे. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस राज्याच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. हा माशांच्या विणीचा काळ. पापलेटची पिल्ले कोणत्या गावच्या पाण्यात वाढतील हे कोणालाच सांगता येत नाही, म्हणून बंदी सगळ्या बंदरांना एकाच वेळी लागू होते. एका तांडेलाने लपून जाळे टाकले तर त्याचा एका दिवसाचा फायदा होतो आणि बंदीचा अर्थ साऱ्यांसाठी संपतो. कोळी समाज नारळी पौर्णिमेला नारळ वाहतो आणि मग होड्या समुद्रात लोटतो, ही रीत सरकारी बंदीहून जुनी आहे.

मासा हद्द मानत नाही म्हणून होड्या एकत्र बांधाव्या लागतात. कुत्राही हद्द मानत नाही. माशाच्या बाबतीत जे नियम किनाऱ्याने स्वीकारले, ते कुत्र्याच्या बाबतीत शिवाराने आणि शहराने स्वीकारायचे आहेत: एक हंगाम, एक हद्द आणि अपवाद कोणालाही नाही. ज्या पंचक्रोशीत ते होईल, तिथे कुत्री कमी होतील, मेंढ्या वाचतील आणि लांडग्यावरचा खोटा आळही जाईल. जिथे होणार नाही, तिथे दर हिवाळ्यात नवी पिल्ले येत राहतील.